काल काय जेवलात?

आमच्या सरांनी मला नोकरीवर घेतलं तेव्हा माझं शिक्षण विचारलं नाही, वय विचारलं नाही, अक्षर कसं आहे तेही पाहिलं नाही. चाकणच्या एसटी स्टँडामागे त्यांनी एक खोली भाड्याने घेतली होती. तिथे एका खोक्यावर ते स्वतः बसले, दुसऱ्या खोक्यावर मला बसवलं आणि विचारलं, "काल रात्री काय जेवलात?"

मी म्हटलं, वरणभात, तूप आणि अळूची भाजी.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. चैत्र चालू होता, गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या आणि मी त्यांना अळू सांगत होते. "खोटं बोललात," ते म्हणाले. "उद्यापासून या."

खरं म्हणजे आदल्या रात्री आमच्याकडे पिठलं आणि सकाळचीच भाकरी होती. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, पण पुण्याहून आलेल्या कोटवाल्या माणसाला पिठलं कोण सांगतं? सर मला नंतर म्हणाले, त्यांना अशीच बाई हवी होती. जेवणाबद्दल जी स्वतः सहज थाप मारते, तिलाच दुसरीची थाप ओळखता येते. ही स्तुती आहे की अपमान, यावर मी काही दिवस विचार केला आणि मग तो नाद सोडला.

ही पन्नास सालानंतरची, त्या दशकाच्या मधली वर्षं. पुण्याच्या एका संस्थेने सरांना संशोधनाची योजना दिली होती. भोसरीपासून खेडपर्यंतच्या गावांतली माणसं काय पिकवतात, त्यातलं काय खातात आणि जे खातात त्यावरून स्वतःला कोण समजतात, असा तो विषय होता. कागदावर त्याचं नाव फार लांब होतं. गावांनी त्याचं नाव 'भाकरीची चौकशी' ठेवलं आणि सरांचं 'भाकरीसाहेब'. सरांना ते कळलं तेव्हा ते खूश झाले. परक्या पुरुषाला चुलीपाशी कोणी येऊ देणार नाही, म्हणून आत जायला मी. माझे यजमान चाकणच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे माझी ओळख आधीपासून घरोघर होती.

सर उंच होते आणि सुरुवातीला चांगले सडपातळ होते. अंगात बारा महिने कोट. त्याच्या खिशांत निरनिराळ्या गावांतल्या पिठांच्या पुड्या असत. कुठली पुडी कुठली हे पुडीवर लिहिलेलं नसे, सरांना म्हणे ते वासावरून कळायचं. एसटीत गर्दी झाली की पुडी फुटायची आणि शेजारचा उतारू उतरताना गिरणीतून आल्यासारखा दिसायचा. हातात एक लहान तागडी. लोकांच्या ताटातली भाकरी उचलून ते ती तागडीत घालायचे. एकदा एका म्हाताऱ्याची भाकरी त्यांनी अशी तोलली आणि संध्याकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. भाकरीसाहेबाची नजर लागली, असं त्याच्या घरच्यांनी ठरवलं. सरांनी स्वतः जाऊन त्याला ओवा दिला आणि पोट दुखायच्या आधी नेमकं काय खाल्लं होतं ते लिहून घेतलं.

माणूस भेटला की त्यांचा पहिला प्रश्न तोच. पोस्टमास्तर असो, कीर्तनकार असो, काल काय जेवलात? एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलीला बोहल्यावर चढण्याआधी हे विचारलं आणि तिने घाबरून तिच्या मामाकडे पाहिलं. मामा सरांकडे यायला निघाला. मला मध्ये पडावं लागलं.

चौकशी सुरू झाली आणि पहिल्याच महिन्यात तिचा विचका झाला. धान्याची लेव्ही, म्हणजे सरकारची सक्तीची वसुली, नुकतीच उठली होती, पण लेव्हीची धास्ती उठली नव्हती. कोटातला माणूस दारात येऊन ज्वारी-बाजरी विचारतो म्हणजे मागाहून पोती न्यायला गाडी येणार, एवढं प्रत्येक शेतकऱ्याला पक्कं ठाऊक होतं. ओसरीवर सर घरधन्याला विचारायचे आणि तो हात जोडून सांगायचा, कसली बाजरी सायेब, पालापाचोळा शिजवून दिवस काढतोय. त्याच वेळी आत त्याची बायको मला सांगायची की आमच्याकडे रोज गव्हाची पोळी असते, तुपाशिवाय पोरं जेवत नाहीत आणि दर बाजारच्या दिवशी मटण. तिच्या मागे चुलीवर जे रटरटत असायचं त्याच्याकडे मी पाहू नये म्हणून ती मध्ये उभी राहायची.

सर दोन्ही उत्तरं एकाखाली एक लिहीत. एका घरात पाला आणि तूप, दुसऱ्या घरात पाला आणि तूप. पुण्याच्या संस्थेतल्या मोठ्या साहेबांनी ते कागद पाहून हे लोक वेडे आहेत की तुम्ही, असं विचारलं. सर मात्र रंगात आले होते. "ताट खोटं बोलत नाही," ते म्हणायचे, "वाढणारा बोलतो. आपण ताटच पाहू."

म्हणून मग आम्ही ऐन जेवणाच्या वेळी, न सांगता, लोकांच्या घरी जायला लागलो. याचा परिणाम एकच झाला. आम्ही दारात दिसलो की तव्यावरची भाकरी खाली उतरायची, एक पोरगं मागच्या दाराने दुकानाकडे पळायचं आणि रवा-साखर घेऊन यायचं. घरातली सगळी माणसं भुकेली बसून राहायची आणि आमच्यापुढे शिरा यायचा. दर घरी शिरा. सरांना गोडाचा मनापासून तिटकारा होता. तरी संशोधनासाठी त्यांनी वाडीवस्तीवरचा शिरा खाल्ला, आणि वर्षभरात त्यांच्या कोटाची बटणं लागेनाशी झाली.

सोनाबाईची आणि आमची ओळख अशीच एका शिऱ्यावरून झाली. चाकणपासून कोसभरावर त्यांचा मळा होता. कांदा, बटाटा, वरच्या रानात बाजरी आणि हुलगे. घरात नवरा, दोन मुलगे, थोरली सून. नवरा बोलायचा कमी, कारण सोनाबाई त्याच्या वाटणीचंही बोलायची. त्या दिवशी सरांनी नवी युक्ती काढली होती. आधी कडब्याच्या गंजीमागे लपायचं, भाकरी ताटात पडू द्यायची आणि मग पुढे व्हायचं. मी म्हटलं, मी बाईमाणूस, मी असं लपणार नाही. मग मीही लपले.

कुत्र्याने आम्हाला आधी पाहिलं. सोनाबाईचा धाकटा मुलगा काठी घेऊन आला तेव्हा सर कडब्यातून उभे राहिले, डोक्यावर पाचोळा तसाच, आणि त्याला विचारलं, "तव्यावर काय आहे?" पोराने काठी उगारलेलीच ठेवली. सोनाबाई दारात आली, तिने मला ओळखलं, पोराला गप्प केलं आणि कपाळाला हात लावून आत गेली. भाकरी तव्यावरून उतरल्याचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला. सर अक्षरशः गयावया करायला लागले, की मला तीच भाकरी हवी आहे, तुमच्या पातेल्यात जे असेल तेच हवं आहे. पातेल्यात हुलग्याचं माडगं होतं. हुलगे भाजून, दळून, त्या पिठाची तिखट, पातळ पेज करतात ती. त्या भागात घरोघर तेच असायचं आणि तीन-चारशे घरं फिरून आम्हाला ते एकानेही वाढलं नव्हतं.

"पाव्हन्याला माडगं वाढू व्हय?" सोनाबाई म्हणाली. "उद्या गावात तोंड कुटं दावू?"

धाकटा मुलगा सायकलवरून रवा आणायला गेला. शिरा झाला. सरांनी तो डोळे मिटून खाल्ला.

सरांचा दावा होता की भाकरीचा घास तोंडात घेतला की बाजरी कुठल्या शिवारातली आणि पाणी विहिरीचं की ओढ्याचं हे त्यांना कळतं. आमच्या ह्यांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. एका रविवारी ह्यांनी त्यांना घरी बोलावलं, डोळे मिटायला लावले आणि भाकरीचे तीन तुकडे एकामागून एक हातावर ठेवले. सरांनी सावकाश चावून निकाल दिला. पहिला तुकडा ताथवड्याचा, दुसरा थेरगावचा. तिसऱ्याबद्दल जरा शंका, पण खेडच्या अलीकडचा नक्की नाही. तिन्ही भाकऱ्या मी सकाळी एकाच पिठाच्या केल्या होत्या. हे ठसका लागेपर्यंत हसले. सरांनी डोळे उघडले, विचार केला आणि मला म्हणाले, "म्हणजे तुमचा हात अजून बसलेला नाही." पुढचा आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

त्याच दिवशी जेवताना माझ्या सासूबाईंनी त्यांना विचारलं, तुमच्या घरी आमटी कशी करतात, गोड की आंबट? आमटीवर तासभर बोलू शकणारा हा माणूस हातातला घास परत ताटात ठेवून बसला. मग म्हणाला, सोमवारची गोड असायची, मंगळवारची आंबट, बुधवारची नुसतंच पाणी. आईवडील लहानपणी गेले, आणि सर वार लावून शिकले होते. रोज वेगळं घर. शनिवारचं घर काही मिळालं नाही, म्हणून शनिवारी मारुतीचा उपास. "माझ्या घरची कशी असते, ते मला सांगता नाही येणार," ते म्हणाले. सासूबाईंनी त्यांच्या भातावर तूप घातलं. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं. दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी सासूबाईंना, काल काय जेवलात, असं विचारलं आणि माझं ते वाईट वाटणं तिथल्या तिथे संपलं.

त्या सुमाराला पिंपरीकडे एका मोठ्या कारखान्याचं बांधकाम निघालं आणि सोनाबाईचा थोरला मुलगा तिथे कामाला लागला. सरांनी दुपारच्या सुट्टीत तिथे जाऊन लोकांना डबे उघडायला सांगितलं. लोकांना वाटलं, चोरी पकडायला साहेब आलाय. भराभर डबे उघडले. बघावं तिथे गव्हाच्या चपात्या. सोनाबाईचा मुलगा शेतावर जाताना फडक्यात भाकरी न्यायचा हे सरांना ठाऊक होतं, म्हणून त्याला त्यांनी बाजूला घेतलं. तो म्हणाला, सगळ्यांदेखत भाकरी काढायला कसंतरी वाटतं, म्हणून आई चपाती देते. घरी गेल्यावर भाकरी खातो, तेव्हा पोट भरतं. परतीच्या वाटेवर सरांनी त्याचं ते शेवटचं वाक्य दोनदा लिहून काढलं. डबासुद्धा खोटं बोलतो, हे त्यांच्यासाठी फारच होतं.

सोनाबाईकडे मात्र ते वरचेवर जायला लागले. तिथली माहिती आम्ही कधीच पुरी केली होती, तरी काहीतरी विचारायचं राहिलं म्हणून जायचे. ती कांदा निवडत असली की समोर बसून कांदा निवडायचे. मोठा कोणता, लहान कोणता, यावर तिच्याशी हुज्जत घालायचे आणि बोलणी खायचे. पुढेपुढे ती त्यांना सायेब म्हणायची थांबली आणि मास्तर म्हणायला लागली. एका उन्हाळ्यात मी मळ्यावर पोचले तर सर अंगणात टोपलं डोक्यावर पालथं घेऊन, हातात काठी घेऊन बसले होते. सोनाबाई आणि तिची सून रानात गेल्या होत्या आणि जाताना कुरडयांचं वाळवण राखायला त्यांना बसवून गेल्या होत्या. मी बोलायला लागले तर म्हणाले, जरा थांबा, तो डाव्या बाजूचा कावळा लबाड आहे.

अशात पुण्याच्या मोठ्या साहेबांचा निरोप आला. पाला आणि तुपाचे कागद पुष्कळ झाले. मी स्वतः येतो. एका घरातलं रोजचं जेवण मला माझ्या डोळ्यांनी दाखवा. तुम्ही लिहिता तसं असेल तर योजना चालू राहील, नाहीतर बंद. साहेब आमच्यासारखे लपणार नव्हते, ते जीपमधून येणार होते.

सर दोन रात्री झोपले नसावेत असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. योजना गेली तर माझीही नोकरी जाणार होती, पण मला दुसरीकडे शाळेत जागा मिळाली असती. सरांना दुसरं काहीच येत नव्हतं. आम्ही सोनाबाईकडे गेलो. सरांनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं, की साहेबांनी पुरण-बिरण पाहिलं तर ते म्हणतील, लोक सुखात आहेत, चौकशी कशाला? म्हणून रोजचंच हवं. भाकरी, माडगं, कांदा. सोनाबाई नाही म्हणाली. सर बसून राहिले. ती कामाला गेली, परत आली, तरी सर बसलेलेच. शेवटी तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, बरं, रांधते रोजचं. सर इतके आनंदले की त्यांनी तिच्या नवऱ्याचा हात हातात घेऊन हलवला. त्याला ते काय चाललंय ते कळलं नाही.

ठरल्या दिवशी साहेबांना जीपमधून उतरवून घेऊन आम्ही मळ्याकडे चाललो, तर पुरणाचा वास आम्हाला बांधावरच आला. सर जागच्या जागी थांबले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. साहेब मात्र पुढे झाले आणि पावलं जरा भरभर टाकायला लागले.

अंगण सारवलेलं, ओसरीवर पाट मांडलेले, पाटील आणि गावातली चार मोठी माणसं अंगणात जमलेली. साहेब पाटावर बसले, शेजारी सर, मी भिंतीशी. सोनाबाईच्या सुनेने साहेबांपुढे पितळी ताट ठेवलं. पुरणपोळी, तूप, कटाची आमटी, भजी, कुरडई. मी सोनाबाईकडे रागाने पाहिलं. इतक्यात तिने स्वतः सरांपुढे जर्मनची, रोजच्या वापरातली एक ताटली आणून ठेवली. तिच्यात बाजरीची भाकरी, फोडलेला कांदा आणि वाडगाभर माडगं.

"म्या शबूद मोडला न्हाई, मास्तर," ती हळूच म्हणाली. "रोजचं रांधलंय. पर ते घरच्या मानसाला. तुमी आता काय पाव्हने हाय व्हय?"

सर ताटलीकडे बघत राहिले.

साहेबांनी पहिली पोळी संपवली, दुसरी घेतली, इथलं तूप फार छान असतं असं पाटलांना सांगितलं आणि मग त्यांची नजर शेजारी गेली. "हे काय?" ते मोठ्याने म्हणाले. "तुम्हाला हे असं का वाढलंय?"

अंगणातलं बोलणं थांबलं. सोनाबाई तुपाचं भांडं हातात घेऊन दारात उभी होती, ती तिथेच खिळली. मला आनंद झाला. तीन वर्षं गावोगाव ज्याच्या मागे फिरलो ते साहेबांच्या कोपरापाशी ठेवलेलं होतं, आणि साहेब स्वतः होऊन विचारत होते. सरांनी एवढंच म्हणायचं होतं की हेच ते रोजचं जेवण. मग साहेब सोनाबाईकडे वळले असते, पाटलांदेखत तिला विचारलं असतं की तुम्ही रोज हे खाता का, आणि तिने मान खाली घालून हो म्हटलं असतं. योजना वाचली असती. सर बोलत नाहीत हे पाहून मीच तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ते मिटलं.

"पथ्य आहे," सर साहेबांना म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"अरेरे, आजच्या दिवशी?" साहेब म्हणाले आणि तिसऱ्या पोळीकडे वळले. सोनाबाई दारातून हलली. सरांनी भाकरी कुस्करून माडग्यात घातली आणि खाली मान घालून भुरके मारत ते जेवले. वाडगा रिकामा होत आला तसा सोनाबाईने तो पुन्हा भरला. साहेबांना तिने आणखी एक पोळी घ्यावी म्हणून पुष्कळ आग्रह केला, सरांना तिने विचारलंसुद्धा नाही.

योजना बंद झाल्याचं कळायला पुण्याहून कागद यायची गरज पडली नाही. साहेबांनी जीपमध्ये बसतानाच सांगितलं, की या भागातले लोक खाऊनपिऊन सुखी आहेत, इथे संशोधन करण्यासारखं काही नाही. तुम्ही आधी प्रकृती सांभाळा, असंही सरांना म्हणाले. जीप गेली. आम्ही दोघं नाशिक रस्त्यावर एसटीची वाट बघत उभे राहिलो. मी संतापले होते आणि मी ते लपवलं नाही. एवढी वर्षं लोकांच्या दारात अपमान सोसले, कुत्री अंगावर घेतली, शिरा खाल्ला, आणि बोलायची वेळ आली तेव्हा एक शब्द नाही? नोकरी गेली, काम गेलं. एवढं काय अडलं होतं सांगायला?

सरांनी कोटाच्या खिशातून पिठाची एक पुडी काढली, हुंगली आणि परत ठेवली.

"बाई," ते म्हणाले, "घरातलं असं चारचौघांत सांगायचं नसतं."

"कुणाच्या घरातलं?" मी चिडून विचारलं.

"आमच्या," सर म्हणाले आणि एसटी दिसते का ते बघायला पुढे गेले.